मुखपृष्ठावरची बाई

चित्रकार जाऊन वर्ष झालं, तेव्हा कुठे त्याच्या बायकोने त्याची कामाची खोली आवरायला घेतली.

रहस्यकथांच्या स्वस्त मासिकांची मुखपृष्ठं रंगवण्यात त्याचा जन्म गेला. माणूस समोर उभा केल्याशिवाय एक रेघ मारायची नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून प्रत्येक चित्रात बळी जाणारी बाई ती, आणि मागे सुरा घेतलेला खुनी म्हणजे तिचा दीर. दीर स्वभावाने गरीब गाय. त्याचा तो अवतार बघून घरात हसून हसून पुरेवाट व्हायची.

गठ्ठ्याच्या तळाशी तीस वर्षांपूर्वीचा एक अंक निघाला. हे चित्र काही तिला आठवेना. तिने भिंग धरून नीट पाहिलं.

त्यातली बाई पिकल्या केसांची होती. अंगात निळा स्वेटर, एका हातात जुना अंक, दुसऱ्या हातात भिंग. स्वेटरचं वरून दुसरं बटण तुटलेलं.

तिचं बटण आज सकाळीच तुटलं होतं.

बाईच्या मागे, दारात, दीर उभा होता. तोही म्हातारा. एक हात पाठीमागे.

"वहिनी, चहा टाकू का?" तिच्या मागे दाराशी दिराचा आवाज आला.

ती वळली नाही. मरेपर्यंत नवरा तिच्या शेजारी जेवला, झोपला, आणि या चित्राबद्दल एका शब्दाने बोलला नाही. आणि त्या दोघांना समोरून बघत त्याने हे रंगवलं, तेव्हा तो उभा कुठे होता?

समोरच्या रिकाम्या कोपऱ्यात पाण्याच्या पेल्यात ब्रश खळखळला.

"छान," नवरा म्हणाला. "आता हलू नकोस."