पत्र्याचं नरसाळं

येसाजी सुताराची करवत मशीन बिरवाडीच्या घरात पडवीतच होती आणि लाकडाची भुकटी घरभर. त्या भुकटीनं त्याच्या एकुलत्या लेकीला दम लागायचा. म्हणून तुळजाचं पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी करायचं नाही, असं ठरून गेलं होतं.

हे मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या, कंपनीत फिटर असलेल्या काशीरामच्या कानावर गेलं. दोन रविवार खपून त्यानं भंगारातल्या पत्र्याचं माणसाएवढं नरसाळं वळलं, खाली पिंप आणि वर पंखा बसवला, आणि ते पाइपानं करवतीला जोडलं.

"वारं आडवं घुसलं की आत गरगर फिरतं," तो म्हणाला. "भुकटी जड हाय, ती कडेला आपटत पिंपात उतरते. वारं तेवढं वरनं बाहेर जातं."

येसाजीनं मशीन चालू केली आणि पाण्याच्या हंड्यावरचं फडकं मुद्दाम काढून ठेवलं. दिवसभर पाण्यावर भुकटीचा तवंग आला नाही. तुळजा माहेरी आली.

"काय देऊ रे तुला?" येसाजीनं दहादा विचारलं.

"काय नको, काका."

नातवाच्या जावळाला न्हाव्यानं वस्तरा काढला आणि विचारलं, "मामा कुठाय? पोराला मांडीवर कोण घेतंय?"

येसाजीची मान खाली गेली. तुळजा मात्र उठली आणि तिनं कामावर निघालेल्या काशीरामला दारातच अडवलं.

"दादा, बस खाली. पोराचा मामा तूच हायस."

जावळ काशीरामच्या खाकी कपड्यांवर पडलं. घरात भुकटीचा कण राहू न देणारा तो माणूस, एकही केस न झटकता, तसाच सेकंड शिफ्टला गेला.