वरून न आलेलं उत्तर

पहिला कंटेनर उचलला की क्रेनवाल्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. नऊ वर्षं रोजंदारीवर राबणारा जावई कायम होणार होता. ऑर्डर टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर पडली होती, सही तेवढी बाकी. निवृत्तीपर्यंतचे सात महिने त्याला स्वतःला खाली ऑफिसात बसायला मिळणार होतं, म्हणजे गुडघ्यांना रोजच्या एकशे अठरा पायऱ्या माफ. आणि मुलगी माहेरी आली की बापाशी जरा सरळ तोंडाने बोलणार होती. ही तिसरी गोष्ट साहेबांनी कबूल केलेली नव्हती, त्याची त्यानेच धरली होती.

कंटेनर अठरा होते, आत तोफगोळे. लढाई दूर होती, पण गोळे इथून, धक्क्याला लागलेल्या जहाजातून जाणार होते. बाकीच्या दोन्ही क्रेनवाल्यांना त्या सकाळी एकदमच ताप भरला होता. तिसऱ्याला जावई आहे हे हेरूनच साहेबांनी त्याला घरून गाडी पाठवून आणलं होतं.

फाटकापाशी गोदीतले सगळे कामगार बसून होते. त्याला कोणी अडवलं नाही. गर्दीतून एक जण एवढंच म्हणाला, जाऊ द्या रे, जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची शांत करायला चाललेत. कोणी हसलं नाही. युनियनच्या सेक्रेटरीने त्याच्या हातात एक छापलेला फोटो ठेवला आणि बाजूला झाला.

वर केबिनमध्ये बसल्यावर त्याने तो उघडून काचेला टेकवला. हेच जहाज दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका देशाच्या बंदरातून रिकाम्या पोटी परतलं होतं. तिथल्या गोदीतली चाळीसेक माणसं फोटोत उभी होती, बायकाही होत्या. कापडी फलकावरची लिपी त्याच्या बापजन्मात त्याने पाहिलेली नव्हती. पण चाळीसच्या चाळीस जणांचे दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणलेले होते, तळवे जमिनीकडे. ते वाचायला शाळा लागत नाही. क्रेनच्या कामावर पहिल्या दिवशी तेच शिकवतात: थांबा, आहे तिथे, ताबडतोब.

खाली जावई. क्रेनला हाताने इशारे देण्याचं काम त्याचं. साहेब त्याच्या कोपराला कोपर लावून उभे होते. जावयाने हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. उचला.

क्रेनवाल्याने दांडा ओढला. तारा ताठ झाल्या, कंटेनर जमिनीपासून वीतभर सुटला. आणि तिथेच राहिला. मग हळूच, अंड्यावर अंडं ठेवावं तसा, परत खाली टेकला.

वॉकीटॉकीवर साहेबांनी विचारलं, काय बिघडलं. क्रेनवाला म्हणाला, काही नाही, थांबायचा इशारा आला. साहेबांनी जावयाकडे पाहिलं. त्याचं बोट फिरतच होतं. मग इशारा दिला कोणी?

"चाळीस जणांनी. माझ्या काचेसमोर उभे आहेत."

हे चाळीस जण म्हणजे फाटकावर मिळालेला फोटो, हे साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी क्रेनवाल्याची अक्कल, वय आणि पेन्शन या तिन्हींचा उद्धार केला. तो ऐकून घेऊन क्रेनवाला शांतपणे म्हणाला,

"साहेब, नियमाचं पुस्तक तुमच्याच कपाटात आहे. 'उचला' एकानेच सांगायचं. 'थांबा' कोणीही सांगावं, झाडूवाल्यानेसुद्धा, आणि मी का म्हणून विचारायचं नाही. तो कुठल्या देशाचा असावा हे तुम्ही लिहिलेलं नाही."

सव्वा अकराला भरती होती. त्यानंतर जहाजाला निघायला पाणी पुरणार नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वॉकीटॉकी जावयाच्या तोंडाशी धरली.

"मामा, उचला."

कंटेनर जागचा हलला नाही.

"मामा, नऊ वर्षं झाली."

क्रेनवाल्याला तीस मीटरवरून जावयाचं हेल्मेट तेवढं दिसत होतं, आणि ते फिरणारं बोट. त्याने दोन्ही हात दांड्यांवरून काढून मांडीवर ठेवले. या बोलण्याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

जावई इशारा करतच राहिला. उजवा हात भरून आला तेव्हा डावा वर केला. साहेबांनी शेजारच्या गोदीतून दुसरा क्रेनवाला मागवला; तो फाटकापर्यंत आला, बसलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यालाही ताप भरला. सव्वा अकराला जहाज आलं तसं रिकामंच निघालं. शिटी ऐकू आल्यावर जावयाने हात खाली घेतला.

चौकशी दुपारीच झाली. पुस्तक उघडलं गेलं, नियम होता तसाच निघाला. क्रेनवाल्याला समज देऊन सोडलं. सात महिने उरलेल्या माणसाच्या नादी कोण लागतो? साहेबांना मात्र वर कोणाचं तरी नाव दाखवायचं होतं. संध्याकाळच्या आत रोजंदारीच्या यादीतून एक नाव कमी झालं. ज्याने दोन्ही हात आळीपाळीने वर धरून शेवटपर्यंत 'उचला' म्हटलं होतं, त्याचं.

दुसऱ्या दिवशी त्या दूरच्या बंदरातून निरोप आला. जहाज रिकामं गेल्याचं त्यांना कळलं होतं. ज्याने किंमत मोजली त्याचं नाव कळवा, आमच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवू. सेक्रेटरी कागद घेऊन क्रेनवाल्याकडे आला. त्याने जावयाचं नाव सांगितलं.

सेक्रेटरीचं पेन थबकलं. "अहो, तो तर उचलाच म्हणत होता."

"थांबवणाऱ्याचं काय गेलं? गेलं ते त्याचं. लिहा."

सेक्रेटरीने लिहिलं. जावयाला विचारावं, हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.