ड्रायव्हरची काच

किम्बर्लीने आपली टॅक्सी भाऊरावांच्या, गाडीच्या काचांना फिल्म लावायच्या दुकानासमोर उभी केली, तेव्हा दुपारचं ऊन मागच्या सीटवर पेंगत पडलं होतं. भाऊरावांनी रोल उलगडून धरला. त्यातून बोरिवलीचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा निळसर दिसायला लागला.

“काळी लावली तर पोलीस धरतात. ही पारदर्शक आहे, फक्त ऊन अडवते,” ते म्हणाले. “सुरुवात ड्रायव्हरच्या काचेपासून करू. तुमचा उजवा हात बघा, कोपरापर्यंत पार रापलाय.”

“ती एक सोडून बाकी सगळ्या काचांना लावा.”

“अहो मॅडम, लोक तीच आधी लावून घेतात.”

किम्बर्लीने ड्रायव्हरची काच तेवढी खाली करून ठेवली.

ऊन उतरताना ती गोराईला घरी पोहोचली. पप्पा ओट्यावर बसले होते. त्यांचं आयुष्य टॅक्सी चालवण्यात गेलं. हल्ली त्यांना लेकीचा चेहरा ओळखू येत नाही.

“कोण गं तू?” त्यांनी रोजच्यासारखं विचारलं.

तिने आपला उजवा हात त्यांच्या तशाच रापलेल्या उजव्या हाताला लावून ठेवला. पप्पा दोन्ही हातांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आमच्यातलीच दिसतेस.”