दुधातली गोळी

"रक्त पातळ करायची गोळी बंद आहे ना?" स्ट्रेचरवरच्या काकांना डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून हात लावलेला नाही." काकांचा आवाज खोल गेला होता, पण ऐट शाबूत होती. "आमच्याकडे डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द."

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली.

परवाच दुर्बीण घालून काकांच्या पित्तनलिकेतला खडा काढला होता. त्यासाठी नलिकेच्या तोंडाशी छोटा छेद द्यावा लागला होता. आज काकांना डांबरासारखी काळी शी झाली आणि ते न्हाणीघरातच भिंतीला टेकून खाली बसले. छेदातून रक्त जात होतं. ते थांबवायला आता पुन्हा दुर्बीण.

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. काकू बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. काकांना झटका आला होता तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. काकूंनी ती कधी चुकू दिली नव्हती. हे पोटाचे डॉक्टर "थोडे दिवस बंद" म्हणाले, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याचं पोट एकाकडे, हृदय दुसऱ्याकडे. अख्खा नवरा मात्र त्यांच्याकडेच होता.

त्या उठल्या आणि दारावर जोरात थाप मारली.

"अहो काकू, आत काम चाललंय!" सिस्टर डाफरल्या.

"डॉक्टरांना सांगा, ह्यांनी गोळी घेतलेली नाही. मी दिलीय. रोज, दुधात विरघळवून. ह्यांना ठाऊक नाही. आज सकाळीसुद्धा दिलीय."

सिस्टर दार उघडंच टाकून आत पळाल्या.

"म्हणजे नुसत्या इंजेक्शनवर नाही भागायचं," डॉक्टरांचा आवाज आला. "क्लिपा काढा, छेद चिमटून बंद करू. आणि रक्तपेढीला फोन लावा."

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. रक्त थांबलं होतं. काकू बोलणी खायच्या तयारीनेच उभ्या राहिल्या, पण ते रागावले नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलतो. आम्ही दोघं मिळून सांगू, तेव्हाच गोळी सुरू करायची. तोवर नाही. जमेल ना?"

काकूंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे तुमच्याकडेच राहू द्या. माझ्याकडे असलं, तर मी देणार."