बेचकं

"आता पासवर्ड," असं म्हणून दुकानातल्या अनितानं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"तिकडं काय बघतेस गो?" गिरजानं विचारलं.

"मी बघायचं नसतं, काकी. किल्ली तुमची. कुठलीही सहा-सात बटणं दाबा. फक्त तुमच्या ध्यानात राहिली पायजेत."

गिरजानं बोट उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. मराठी अक्षरं ती पन्नाशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात शिकली होती. शहापूरच्या या फोनच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या बटणांवरची अक्षरं इंग्रजी होती.

"मला ही येत नायत."

"नावं कशाला यायला पायजेत? तोंडं ओळखा."

गिरजा खाली वाकली. एकेक तोंड बघू लागली. एक तोंड तिच्या ओळखीचं निघालं. गावाच्या थांब्यावर एसटीतून उतरलं की समोर विजेचा खांब, वर आडवी पट्टी. तो दाबला. पुढं ओहोळ दोनदा वळतो, तसंही एक होतं. मग विहीर, ती गोल, लगेच दिसली. विहिरीपुढं वाटेवरचं ऐनाचं झाड, छातीच्या उंचीवर दोन फांद्या फुटलेलं बेचकं. त्यानंतर राखणीची खोप. शेवटी दाराला टेकवलेली माळ्याची शिडी. गिरजा घरी पोचली.

पडद्यावर नुसते काळे ठिपके होते.

"अगो, माझी वाट कुठं गेली?"

"लपली. तेच तर पायजे. आता परत एकदा, खात्रीला."

गिरजा पुन्हा थांब्यावर उतरली.

मग अनितानं टपालाचा प्रोग्राम उघडला. त्यात टपाल एकदा उतरवून घेतलं की फोनची लाइन बंद करून निवांत वाचता येतं, दमानं वाचणाऱ्याला हे बरं, असं तिचं म्हणणं. तिनं गिरजाचं नाव घातलं, पत्ता घातला. येणारं टपाल एका मशीनवरून येतं, जाणारं दुसऱ्यावरून जातं, म्हणून त्या दोन्हींची नावं घातली.

"आणि मधी कोण उघडून वाचतं?"

"कोण नाय."

"नक्की?"

"नक्की, काकी."

गिरजाला तेवढंच पाहिजे होतं. घोटीला दिलेल्या लेकीची, काजलची पत्रं धाकट्या दिराच्या, धर्माच्या घरी पडत. तो ती फोडून ओटीवर मोठ्यानं वाचायचा. "आता मला येतं वाचाय, भावजी," असं ती एकदा म्हणाली, तर तो हसला, "तुमचं वाचून होईस्तोवर पोरीला नातवंडं होतील." ओटीवर वाचलेलं आठवड्याच्या आत काजलच्या सासूच्या कानावर जायचं. दोन वर्षं झाली, काजल एकच ओळ लिहीत होती. आम्ही मजेत आहोत.

"ह्या चौकटीत खूण केली की मशीनच किल्ली ध्यानात ठेवतं," अनिता म्हणाली. "दर वेळी दाबायला नको. करू?"

"मग हितं कोण बी येऊन बसला तरी उघडंल?"

"उघडंल."

"मग नको. मी हाय ना ध्यानात ठेवायला."

काजल घोटीच्या ज्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायची, तिथं अनितानं फोन लावून पत्ता सांगितला. मग गिरजा बाकावर बसून राहिली. आणलेली भाकरी सोडली नाही. दर थोड्या वेळानं उठून विचारी, "आलं?" दुपार कलल्यावर अनितानं तिला हाक मारली. गिरजानं खांबापासून शिडीपर्यंत बोट चालवलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं भरत गेली आणि काजलचं अक्षर आलं. तिनं कागदावर लिहून त्याचा फोटो धाडला होता.

अनिता बाहेर जाऊन उभी राहिली.

गिरजा वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिल्या ओळीत मजेत हा शब्द नव्हता. पुढच्याही नव्हता. मधेच ती थांबली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा वरून सुरू केलं.

"अनिता," बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. "हे पूस. मागं काय राहू देऊ नको. आणि त्या दुसऱ्या मशीनवरून जातं ना, ते लिव."

"काय लिहू?"

"ये."

"एवढंच?"

"एवढंच. तिला कळतंय."

संध्याकाळी गिरजा थांब्यावर उतरली. ओहोळ ओलांडला, विहीर मागं टाकली. ऐनापाशी धर्मा कोयता घेऊन उभा होता.

"वहिनी, शहापूरला गेल्या होत्या म्हणं. काजलला फोन केला? काय म्हणते पोर?"

"मजेत हाय," गिरजा म्हणाली.

"असणारच. सोयरीक कोणी जमवली?" त्यानं कोयता उचलला. "सरका जरा. गोठ्याचं आढं पेलाय मेढ पायजे. हे बेचकं नामी हाय."

गिरजानं बेचक्यात हात ठेवला.

"ह्याला लावू नका, भावजी."

"का? पुजायचंय काय?"

"मला लागतंय."

"तुमाला? कशाला?"

गिरजानं हात काढला नाही. धर्मानं डोकं हलवत कोयता कमरेला अडकवला आणि दुसरं झाड बघायला गेला.

तो दिसेनासा होईस्तोवर गिरजा तिथंच उभी राहिली. मग उरलेली दोन अक्षरं चालून घरी गेली.