बदलीचा माणूस

प्लांटच्या गेटवर उभा राहून नीळकंठ अभिषेकच्या नावानं खडे फोडत होता. त्याची रात्रपाळी कधीच संपली होती. उन्हं टाकीच्या कठड्यावर आली तरी बदलीवर येणाऱ्या या पठ्ठ्याचा पत्ता नव्हता. फोन नुसता वाजत होता, उचलायचं नाव नाही.

एरवी नीळकंठनं इतकं मनावर घेतलं नसतं. पण सकाळीच कळंबहून बायकोचा फोन आला होता. "माय कसंतरी करून राह्यली. तुमचंच नाव घेऊन राह्यली. लवकर या." गुंजन उगाच घाबरणारी बाई नव्हती. त्यानंतर तीही फोन उचलत नव्हती. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पण निघायचं कसं? शहराचं सगळं सांडपाणी या प्लांटवर येतं. परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेला ऑपरेटर हजर असल्याशिवाय प्लांट सोडायचा नाही, हा नियम. असे चार जण हवेत, हाही नियमच. त्यातले दोघं कंटाळून सोडून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरले नीळकंठ आणि अभिषेक. एक आला की दुसरा सुटायचा. दोघं कळंबच्या एकाच गल्लीत राहत, पण गल्लीत त्यांची गाठ कधी पडत नसे. हा घरी तर तो कामावर. भेट व्हायची ती याच गेटवर, किल्ली घेता-देताना.

त्यानं ठेकेदाराच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, माय सिरीअस आहे. कोणाले तरी पाठवा."

"कोणाला पाठवू? दोनच तर माणसं आहेत."

"नियमात चार आहेत ना साहेब."

"नियमात आहेत," साहेब म्हणाले. "पगारावर दोनच आहेत." त्यांनी फोन ठेवून दिला.

हेल्पर उकंडा मागं उभा राहून ऐकत होता. वयानं मोठा, मनानं भोळा, घरी लग्नाच्या पोरी. त्याला राहवलं नाही. "जा ना भाऊ तुमी. माय एकच असते. पंप चोक झाला तं मी उतरतो विहिरीत, काढतो चिंध्या. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे तेच त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. पंपाच्या विहिरीत साचलेला वायू माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही. आधी हवा सोडायची, वायू तपासायचा, मगच झाकणाजवळ जायचं, हे नीळकंठ शिकला होता. उकंडा शिकला नव्हता. तो नुसताच धीट होता. आणि पंप आज सकाळपासूनच कण्हत होता.

तरी एकदा नीळकंठ गाडीपर्यंत गेला. किल्लीही लावली. मागं वळून पाहिलं तर उकंडा पँट गुडघ्यापर्यंत दुमडत होता. नीळकंठनं किल्ली काढली आणि मुकाट्यानं परत आला.

तो कठड्यावर बसून राहिला. मायचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती. या कामाचा वास मोठा चिवट. साबणाची वडी झिजते, पण वास झिजत नाही. लग्नाकार्यात लोक नीळकंठपासून एक खुर्ची सोडून बसत. गुंजन त्याचा गणवेश अंगणातच उतरवून घेई. एकटी माय कधी नाकाला पदर लावायची नाही. तो दाराशी आला की खाटेवरूनच म्हणायची, "आला माहा निळू." त्याला लाज वाटायची. मायनं आपल्याला असं ओळखावं, याचं त्याला वाईट वाटायचं. आज ती दाराकडं तोंड करून पडली असेल आणि दारात कोणी नसेल. हे मनात आलं आणि नीळकंठ उकंडादेखत हमसून रडला.

दुपार कलल्यावर अभिषेकची गाडी आली. तो उतरतो न उतरतो तोच नीळकंठनं त्याची कॉलर धरली.

"कुठी मेला होतास तू? माही माय तिकडे वाट पाहून राह्यली अन् तू..."

अभिषेकनं कॉलर सोडवून घेतली नाही. त्याचा गणवेश आधीच चुरगळला होता आणि डोळे लाल होते.

"तुमच्याच घरी होतो भाऊ," तो म्हणाला. "ड्युटीवर निघालो तं वयनीनं गल्लीत थांबवलं. मायले दवाखान्यात न्याचं होतं. मी उचलाले वाकलो, तं तिनं माही बाही धरली. नाकाशी नेली. मंग सोडलंच नाही मले. दवाखाना नोको म्हणे. तुमचा फोन खिशात वाजून राह्यला होता. पण माहे दोन्ही हात तिच्या हातात होते."

नीळकंठची बोटं कॉलरवर तशीच राहिली. "कशी आहे आता?"

अभिषेकनं खाली पाहिलं. "गेली भाऊ. वयनीले म्याच म्हनलं, फोन नोको करू, मी जाऊन सांगतो."

टाकीत हवा सोडणारी मशीन घरघरत होती. उकंडानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. नीळकंठला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारायची त्याला भीती वाटत होती.

"निळू आला नाही म्हणून लय रडली काय रे?"

"नाही भाऊ." अभिषेकनं बाहीनं डोळे पुसले. "'आला माहा निळू' म्हणे. 'सुटली काय रे ड्युटी?' म्हणे. म्या म्हनलं, सुटली माय. आता कुठी जात नाही."