दोन घरांचं एक दुकान
"बा, रडायचं नाही हं. गिऱ्हाइकं येतायत," हितेन आईला म्हणाला.

मुक्ताबेन रडत नव्हत्या. त्यांना काहीच वाटत नव्हतं. काचेच्या दाराबाहेर त्या नुसत्या उभ्या होत्या, कुणी आणून ठेवल्यासारख्या.

जामनगरच्या बाजारातलं त्यांचं घर आणि शेजारच्या समजूबेनचं घर, दोन्ही जयसुखशेठनं घेतली. मधली भिंत पाडली, दोन ओटे तोडून एक ऐसपैस पायरी केली आणि झालं बांधणीच्या साड्यांचं झगझगीत दुकान! शेठचं एकच मागणं होतं. पूर्वी पुढची खोली होती तिथे मुक्ताबेननी गादीवर बसावं आणि गिऱ्हाइकांसमोर कापडाला गाठी माराव्यात. हात चाळीस वर्षांचा तयार होता. गाठींसाठी वाढवलेलं करंगळीचं नखही शाबूत होतं. उत्तर आज द्यायचं होतं.

"आपल्याच घरात पगारी बाई होऊन बसणार तू? नाही म्हण आणि चल," हितेन म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या समजूबेननी डोळ्यांना पदर लावला. "दगड झालीय रे बिचारी! सासऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं, त्यात घरही गेलं."

मुक्ताबेन निघाल्या. पण दाराकडे नाही, बाजूच्या बोळात. हितेन मागे धावला. बोळाच्या टोकाला त्या एका ताज्या रंगाच्या भिंतीसमोर थांबल्या होत्या आणि ती हातानं चाचपत होत्या.

"बा, मागचं दार बुजवलं ना! आता सगळ्यांनी पुढूनच यायचं."

"सगळ्यांनी?"

"हो. चल आता नव्या घरी."

त्या परत फिरल्या, काचेच्या दारातून आत गेल्या आणि सरळ गादीवर बसल्या. शेठ हसला. हितेनचा चेहरा पडला. तो वाकून कुजबुजला, "बा, ऊठ ना. सून म्हणून ज्या घरात आलीस, तिथे लोकांपुढे अशी बसणार?"

मुक्ताबेननी कापडाची चिमूट नखावर उचलली, दोरा गुंडाळला, गाठ ओढली.

"तुझे दादाजी दिवसभर इथे बसायचे. त्यांच्यासमोर सुनेनं यायचं नाही, ये-जा मागच्या दारानं. ते झोपले की मी यायचे, चेहरा झाकून." त्यांनी दुसरी चिमूट उचलली. "चाळीस वर्षं ही खोली झाडली रे. बसले आज पहिल्यांदा."